बाहेरून कळत नाही

“पण ह्यात नवीन काय हाय?”

कंत्राटदार शिंदे-सरकार गाडीभोवती दुसरी फेरी मारत म्हणाले. गळ्यात बोटाएवढी जाड साखळी, मागे चार कार्यकर्ते. मी तोंडावरचं हसू जागेवर ठेवून पुन्हा सुरुवात केली. टर्बो इंजिन आहे सर, सहा गिअर आहेत, सस्पेन्शन कडक केलंय, ब्रेक...

“ते सगळं आत झालं. भाईर काय?”

“मागं ‘आर.एस.’ लिहिलंय, सर.”

ते वाकले. डिकीच्या कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढी दोन अक्षरं होती. ती त्यांनी वाचली, कमरेवर हात ठेवून सरळ झाले आणि कार्यकर्त्यांकडे बघून म्हणाले, “म्हंजे दीडपट पैसे आपण मोजायचे, आणि लोकांनी म्हणायचं, बघा, मास्तर चालले!”

कार्यकर्ते हसले. शोरूममधले आमचे लोकही हसले. गिऱ्हाईक हसलं की हसायचं असा नियमच होता, म्हणून मीही हसले.

ही गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची, कोल्हापूरची. हायवेला लागून आमचं शोरूम होतं आणि ‘सोनारा’ ही आमची सगळ्यात खपाची सेडान. बँक मॅनेजर, प्राध्यापक, मुलीचं लग्न पार पाडून निवांत झालेली माणसं अशांची ती गाडी. पाठीमागे ऐसपैस जागा, डिकीत चार बॅगा आणि लोणच्याची बरणी मावेल अशी. कुणाला तिचा हेवा वाटायचा नाही आणि कुणाला ती नकोशीही व्हायची नाही. आमच्याकडचे लोक तिला लाडानं ‘सोनार’ म्हणायचे.

कंपनीला काय लहर आली कोण जाणे, त्यांनी ह्याच सोनाराच्या पोटात शर्यतीत शोभेल असं इंजिन बसवलं आणि तिला ‘आर.एस.’ नाव दिलं. पुण्याहून कंपनीचे सप्रे म्हणून एक अधिकारी आले. “खपेल की नाही बघायला एकेक गाडी गावोगाव ठेवतोय,” म्हणाले. “सांगलीच्या डीलरनं मात्र नको म्हटलंय.”

आमचे मालक बापूसाहेब तोवर पेंगत होते. ते ताठ बसले. “सांगलीकर नको म्हणाले? मग इथं उतरवा.”

अशी ती राखाडी रंगाची आर.एस. आमच्याकडे आली. विक्रीचे मॅनेजर इनामदार सर होते. विक्रीच्या कामात मी एकटीच मुलगी, तीही तात्पुरत्या नेमणुकीवर. त्यांनी चावी माझ्या हातात ठेवली. “सरनोबत, ही तुझ्याकडे. एक विकलीस की तुझी नोकरी पक्की.”

ह्याचा अर्थ निरोपसमारंभ, हे शोरूममधल्या चहावाल्या मावशींनाही कळलं होतं. घरी आमच्या पप्पांनी कराडच्या एका स्थळाशी बोलणी चालवली होती. नोकरी पक्की झाली तर थांबू, नाहीतर पुढच्या लग्नसराईत बार उडवून टाकू, असं त्यांचं सरळ गणित.

गाडी विकायला मी जिवाचं रान केलं. पण येणारी माणसं दोन प्रकारची. एकांना लोकांनी आपल्याकडे बघायला हवं असायचं. तेवढ्या पैशात त्यांना उंच, दणकट, रस्त्यावर माणसं बाजूला सरतील अशी जीप मिळत होती. दुसऱ्यांना घरातल्यांसाठी गाडी हवी असायची. त्यांना साधी सोनारा दाखवली की ते खुशीत घेऊन जायचे, वर पेढ्यांचा बॉक्स द्यायचे. ह्या दोहोंच्या मधला माणूस कोल्हापूर जिल्ह्यात जन्मालाच आला नव्हता असं मला वाटायला लागलं.

तो एका दुपारी आला. जेवणानंतरची वेळ, पंखे आणि माणसं सारखीच सुस्तावलेली. पांढरा शर्ट, पांढरी पॅन्ट, पायात साध्या चपला. पंचावन्नच्या आसपासचे गृहस्थ. “सुकुमार मगदूम. इचलकरंजीत सुताचा व्यापार हाय. सोनारा बघायची होती.”

मी साधी सोनारा दाखवायला घेतली. ते मान हलवत ऐकत होते, पण डोळे माझ्या खांद्यावरून पलीकडे. मग ते मला वळसा घालून आर.एस.कडे गेले, गुडघ्यावर हात ठेवून पुढच्या चाकात डोकावले.

“ब्रेकच्या डिस्क मोठ्या टाकल्यात.”

न सांगता हे बघितलेला तो पहिला माणूस. मी लगेच चावी पुढे केली.

गाडी रस्त्याला लागली तेव्हा शेठजी देवळात निघाल्यासारखे चालवत होते. गोकुळ शिरगाव मागं पडलं. पुढे रस्ता मोकळा, दोन्हीकडे ऊस.

“थोडं दाबू?”

“दाबा की.”

त्यांनी दाबलं. माझी पाठ सीटला चिकटली आणि ओठांपर्यंत आलेली किंकाळी मी कशीबशी गिळली. शेठजींच्या तोंडावरची रेघ हलली नाही. फक्त परत येताना, अगदी बारीक आवाजात, ते शीळ घालत होते.

शोरूमच्या आवारात गाडी उभी केल्यावर त्यांनी इकडंतिकडं बघितलं. “एक इचारू? बाहेरून काईच कळत नाही न्हवं?”

मला सवयच झाली होती माफी मागायची. “नाही सर, पण मागं पंखासारखा मोठा स्पॉयलर बसवून मिळतो, बाजूनं लाल पट्टे—”

“नको, नको!” ते दचकलेच. “कळत नाही तेच बरं. आमचा सुताचा बाजार विश्वासावर चालतोय. ज्याची गाडी पळायला लागली त्याचा धंदा बसायला लागला म्हणत्यात आमच्यात.” मग चष्मा पुसत म्हणाले, “आणि घरात मंडळी काय म्हणतील? तीस वर्षं त्रिशलासमोर मी कधी साठच्या वर गेलो न्हाई.”

मग त्यांनी सांगितलं. तरुणपणी मोटरसायकलवर माळावरच्या शर्यती मारायचे. लग्न ठरलं, तेव्हा सासऱ्यांनी त्यांना बाजूला घेतलं आणि एकच अट घातली : ही फटफटी विका, माझी मुलगी साधी आहे, घाबरंल. ह्यांनी दुसऱ्या दिवशी विकली. बायकोला ह्यातलं अक्षर माहीत नव्हतं. सासरा-जावयातली गोष्ट त्या दोघांतच राहिली, आणि सासरे तर आता हयातही नव्हते.

“घरी मी साधी सोनारा घेतोय म्हणून सांगणार. तुम्ही घरात फोन करायचा न्हाई. कुणाला काय बोलायचं न्हाई. शब्द?”

“शब्द,” मी म्हटलं.

त्यांनी तिथल्या तिथं गाडी बुक केली. इनामदार सरांनी तो कागद दोनदा वाचला आणि उगाचच पंख्याकडे बघत बसले.

नवीन गाडी कारखान्यातून यायला वेळ होता. शेठजी रोज दुपारी स्वतःच फोन करायचे. नमस्कार नाही, चमत्कार नाही, दबक्या आवाजात एवढंच : “आली का?” मी म्हणायची, “नाही अजून.” तिकडून एक सुस्कारा, की फोन बंद.

असे काही आठवडे गेले असतील. एका सकाळी शोरूमच्या दारातून एक बाई आत आल्या. सुती साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू, खांद्याला पर्स, बसच्या प्रवासाची धूळ चेहऱ्यावर.

“ज्योत्स्ना कोण?”

आवाज असा की पार सर्व्हिस सेंटरमधल्या पोरांनी पान्हे खाली ठेवले.

“मी.”

त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. “मी मिसेस मगदूम. इचलकरंजीच्या. वय काय तुमचं?”

“पंचवीस.”

“लग्न?”

“व्हायचंय.”

“हं,” म्हणून त्या खुर्चीत बसल्या. “सरळ बोलते. गेला महिना आमचे हे शीळ घालायला लागलेत. आंघोळ करताना शीळ, सूत मोजताना शीळ. दुपारी मोबाईल घेऊन गोदामात जातात. दिवाणजींनी ऐकलंय, ‘आली का, आली का’ म्हणून विचारतात. मी मोबाईल बघितला. तुमचं नाव. नुसतं ‘ज्योत्स्ना’. आडनाव नाही, काही नाही. त्या नंबरला फोन लावला, तर ह्या शोरूमचं नाव सांगितलं.” त्या पुढे झुकल्या. “कोण यायची आहे?”

“गाडी, वहिनी! गाडी यायचीय.”

“कुठली?”

मी साध्या सोनाराकडे बोट दाखवलं. काय करणार! त्यांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. ती बिचारी नेहमीसारखी उभी होती.

“बाई, तीस वर्षं संसार केलाय मी. आम्ही फ्रिज घेतला, घर बांधलं, दोन गाड्या घेतल्या. कधी शीळ ऐकली नाही. आणि ह्या गाडीची वाट बघत माणूस शीळ घालेल?”

 उत्तर होतं, पण ते शेठजींना दिलेल्या शब्दात अडकलेलं. इनामदार सर लगबगीनं आले. “काही प्रॉब्लेम?” तोंडावर काळजी, डोळ्यांत मात्र चमक. आजूबाजूला सगळे कान टवकारून. गप्प बसले तर संध्याकाळपर्यंत ही बातमी माझ्या गल्लीत जाईल, उद्या कराडला पोचेल. आणि ह्या बाई इथून जे मनात घेऊन घरी जातील, ते तर आणखीच वाईट. सांगावं, तर शेठजींचा विश्वास मोडतो. त्यांची गाडी जाते, बरोबर माझी नोकरीही.

वहिनींच्या मांडीवर पर्स होती. तिचा पट्टा त्या बोटाभोवती गुंडाळत होत्या, सोडत होत्या. चढा होता तो फक्त आवाज. ते बघितलं आणि माझं ठरलं.

“वहिनी, मी कुणाला तरी शब्द दिलाय, त्यामुळं बोलता येणार नाही. पण गाडी चालवून बघता? लायसन आहे तुमच्याकडे?”

“आहे. मुलांना शाळेत सोडायला काढलं होतं.”

“मग चला.”

मी त्यांना आर.एस.मध्ये बसवलं. बसल्या बसल्या त्यांनी सीट पुढे ओढली, आरसा नीट केला, क्लच दाबून बघितला. “क्लच जड आहे.” मग गाडी अशी अलगद उचलली की मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मुलांना शाळेत सोडण्यापुरतं शिकलेल्या बाईचे हे पाय नव्हते.

हायवेला लागल्यावर त्या म्हणाल्या, “काय बघायचंय हिच्यात?”

“दाबा.”

त्यांनी दाबलं. गाडीनं झेप घेतली तसा त्यांचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. पण पाय ढळला नाही. पुढे उसाचा ट्रॅक्टर दिसला, तर गिअरकडे न बघता त्यांनी एक गिअर खाली घेतला, सफाईदारपणे बाजूनं काढली आणि परत वर. मी दार धरून बसले होते. वहिनींचा पदर खांद्यावरून सरकला होता, त्याचंही भान नव्हतं.

कागलच्या अलीकडे एका चिंचेखाली त्यांनी गाडी घेतली. इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टिअरिंगवरच. मग त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

“एवढंच व्हय?”

“एवढंच, वहिनी.”

“बाई नाही.”

“नाही. टर्बो आहे.”

पुन्हा हसल्या. बराच वेळ. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “पण मला का सांगितलं नाही त्यांनी?”

“त्यांना वाटलं, तुम्ही नावं ठेवाल.”

“मी?” त्या माझ्याकडे वळल्या. “अगं, निपाणीला आमच्या आप्पांची जीप होती. तंबाखूच्या शेतातनं बांधाबांधानं मी पळवायची. सगळ्या भावांत माझा हात चांगला. लग्न ठरलं तसं आप्पा म्हणाले, सासरी हे सांगू नकोस हं बाळ. शांत घराणं आहे. जावई साधा माणूस आहे, घाबरेल.”

मी जीभ चावली. अक्षरशः चावली. एकाच माणसानं, त्याच लग्नात, मुलीच्या आणि जावयाच्या कानात एकच गोष्ट सांगून ठेवली होती, आणि ती दोन्ही टोकं आता एकट्या माझ्या हातात होती.

“मग आता त्यांना सांगून टाका ना, वहिनी. घरी जाऊन आजच सांगा.”

त्यांनी जरा विचार केला. मग गाडी सुरू केली. “नको. शीळ बंद होईल. मी आले होते हे त्यांना कळता कामा नये. शब्द?”

आता काय म्हणणार? “शब्द.”

शोरूममध्ये परतल्यावर त्या इनामदार सरांच्या टेबलापाशी गेल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा त्याच आवाजात म्हणाल्या, “मुलगी गुणाची आहे. पक्की करून घ्या हिला.” आणि बस गाठायला निघून गेल्या.

गाडी आली तेव्हा दोघं मिळून न्यायला आले. हार, नारळ, चाकांखाली लिंबं. शेठजी इस्त्रीच्या कपड्यांत, चेहरा असा गंभीर की जणू गाडी नाही, मुलीची पाठवणी आहे. वहिनींनी कुंकू लावलं, गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि मागं थांबल्या.

“अहो, हे आर.एस. म्हणजे काय हो?”

शेठजींचे कान लाल झाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी नारळाकडे.

“ते... रिव्हर्स सेन्सर.”

“बरं झालं बाई,” वहिनी म्हणाल्या. “रिव्हर्स घेताना मला फार भीती वाटते.”

माझी नोकरी पक्की झाली. कराडचं स्थळ पप्पांनी स्वतःच सोडून दिलं. सप्र्यांचा पुण्याहून फोन आला. “विकली? कोणाला? तरुण आहे का कोणी?”

“पंचावन्नचे आहेत. सुताचे व्यापारी.”

“का घेतली त्यांनी?”

“बाहेरून कळत नाही म्हणून.”

“बरं, बरं,” म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी थट्टा करतेय असं त्यांना वाटलं असावं. कारण कंपनीनं आर.एस.ची पुढची आवृत्ती काढली ती मोठा स्पॉयलर, लाल पट्टे आणि सायलेन्सरचा गडगडाट घेऊन. ती ना जीपवाल्यांना पटली, ना मास्तरांना. वर्षभरात त्यांनी ती बंद केली. कंपनीचं मत आजही असं आहे की भारतात तसली गाडी चालत नाही. मी पुढे त्याच शोरूमची मॅनेजर झाले, कंपनीच्या बैठकांना जायला लागले, तिथंही हे पुष्कळदा ऐकलं. मी वाद घातला नाही.

पण मला सांगायचंय ते त्या आधीचं. मगदूमांच्या गाडीला वर्ष होत आलं होतं, तेव्हाचं.

सर्व्हिस सेंटरच्या मुल्लाचाचांनी मला खाली बोलावलं. मगदूम पती-पत्नी उभे होते, गाडी लिफ्टवर वर चढवलेली. चाचा टायरवरून अंगठा फिरवत होते.

“शेठजी, हे एवढ्यात गुळगुळीत कसे झाले? वर्षभरात कुणाचे असे जात न्हाईत.”

शेठजी घुटमळले. “मी तर जपून... म्हणजे कधीतरी जरा... पण तेवढं न्हाई.” मनातल्या मनात त्यांनी काहीतरी जुळवून बघितलं. “न्हाई. माझ्यानं एवढे जाणारच न्हाईत.”

“मग आणखी कोण चालवतं?” चाचा सहज म्हणाले.

वहिनी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होत्या. फार मन लावून.

शेठजी हळूहळू त्यांच्याकडे वळले. “त्रिशला, तू आईला बघायला निपाणीला जातीस.”

“जाते की. म्हातारी झालीय ती.”

“लवकर पोचतीस तू. परवा मी फोन केला तर तू पोचून चहासुद्धा घेतला होतास.”

“रस्ता चांगला झालाय हल्ली.”

 शेठजी बायकोकडे बघत राहिले. तीस वर्षांत बघितलं नसेल अशा नजरेनं. मग अगदी हळू विचारलं, “निपाणीच्या पुढं? तवंदीच्या घाटात नेलीस व्हय?”

वहिनींनी कॅलेंडर सोडलं. “दोनदा.”

“वळणावर कुठला गिअर?”

“चौथा.”

शेठजी शेजारच्या स्टुलावर बसले. “मी तिसऱ्यातच नेली,” म्हणाले.

“जीपचा हात आहे माझा. आप्पांनी शिकवलेलं. सासरी सांगू नको म्हणाले होते, तुम्ही घाबराल म्हणून.”

“आप्पांनी?” ते पुन्हा उठले. “आप्पांनी माझी मोटरसायकल विकायला लावली! शर्यती मारायचो मी, माळावर. म्हणाले, माझी मुलगी—”

“घाबरेल,” वहिनी म्हणाल्या.

दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले. मग शेठजी आधी हसले, का वहिनी, ते मला सांगता येणार नाही, कारण मुल्लाचाचांना काहीही कळलेलं नसताना तेच सगळ्यांत मोठ्यानं हसत होते. मग शेठजींनी चष्मा काढला. “एवढी वर्षं,” म्हणाले. वहिनींनी त्यांच्या बाहीवरची धूळ झटकली, बस्स.

नवीन टायर चढेपर्यंत दोघं बाकावर शेजारी शेजारी बसून बोलत होते. बोलणं मला ऐकू येत नव्हतं, पण वहिनींचा हात हवेत वळणं घेत होता आणि शेठजी मान हलवत होते.

गाडी खाली आली. शेठजी नेहमीप्रमाणे उजव्या दाराशी गेले, हँडलला हात लावला आणि थांबले. मग बोनेटला वळसा घालून डावीकडे येऊन बसले. वहिनी चालकाच्या सीटवर बसल्या, सीट पुढे ओढली, आरसा नीट केला. शेठजींनी पट्टा लावला, तो ओढून पक्का असल्याची खात्री केली, वरचं हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि समोर रस्त्याकडे बघत म्हणाले,

“हं. आता दाखव.”